भिंगारदिव्यांचा खानदानी खंदक

अब्राहाम भिंगारदिवे इंग्लंडहून परत आले ते दोन गोष्टी घेऊन. एक गुडघ्याला चोळायच्या मलमाचा डबा आणि दुसरा झेंडूच्या फुलाबद्दलचा तिरस्कार. मलम श्रावणाआधीच संपलं. तिरस्काराचं प्रकरण मात्र चांगलंच लांबलं.

तसा हा माणूस काही बागवाला नव्हे. उभी नोकरी नगरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून गेलेली. जामखेडची गाडी कुठल्या फलाटावर लागली हे सांगता सांगता आवाजच तसा बनला होता. निवृत्त होऊन केडगावात घर बांधलं तरी आवाज काही निवृत्त झाला नाही. जेवताना मीठ मागितलं तरी शेजारच्या घरात लोक पिशव्या उचलायच्या बेतात येत. सगळी कॉलनी त्यांना कंट्रोलर म्हणे, आणि त्यांनाही ते आवडे. घरात मात्र कंट्रोल बायकोचा, म्हणजे एलिझाबेथबाईंचा होता. हे त्यांना माहीत होतं, फक्त त्याची घोषणा त्यांनी कधी केली नव्हती.

घराच्या पुढची-मागची जागा बाईंची. पुढे झेंडू आणि शेवंती, मागे भेंडी, गवार, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेला अळू, आणि मागच्या तारेच्या कुंपणावर डांगराचा वेल. डांगर म्हणजे लाल भोपळा. पण बाईंच्या डांगराला नुसतं भोपळा म्हणणं म्हणजे चर्चच्या पाळकसाहेबांना नुसतं माणूस म्हणण्यासारखं होतं. दिवाळीनंतर त्यांच्या चर्चमध्ये सुगीचा सण असतो. ज्याच्या त्याच्या शेतात, परसात जे पिकलं त्याची पाटी भरून देवापुढे न्यायची आणि उपासना झाली की तिथेच लिलाव. एकेक वांगं असं चढत जातं की बाजारातल्या वांग्याला लाज वाटावी. या लिलावात एलिझाबेथबाईंचं डांगर सगळ्यात शेवटी पुकारलं जाई. शेवटी म्हणजे मानाचं. बाई लग्न होऊन नगरला आल्या तेव्हापासून हा मान त्यांनी कोणाला घेऊ दिला नव्हता.

आता इंग्लंडचं. त्यांची मुलगी अँजेला तिकडे नर्स आहे. एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी राहून त्यांची देखभाल करते. घर म्हणजे आपलं एसटीचं अख्खं आगार मावेल एवढं. त्या म्हाताऱ्या बाईंचे सासरे लॉर्ड होते म्हणे, म्हणून कंट्रोलर त्यांना लेडीबाई म्हणायचे. उन्हाळ्यात अँजेलाने आईबापाला तिकडे नेलं, तेव्हा कंट्रोलरांनी लेडीबाईंना पहिल्यांदा पाहिलं. कोपरावर फाटलेला स्वेटर घालून त्या मातीत बसल्या होत्या. कंट्रोलरांनी त्यांना मोलकरीण समजून पाणी मागितलं, आणि त्यांनी आणून दिलं. खरी ओळख झाल्यावर ते इतके ओशाळले, की पुढे महिनाभर लेडीबाई जे बोलतील त्याला मान हलवायची असं त्यांनी ठरवून टाकलं. सगळं पुढचं रामायण या मान हलवण्यातून निघालं.

लेडीबाई बोलायच्या, अँजेला मराठीत सांगायची. खानदानी माणसाच्या बागेत भडक रंग नसतो. पांढरं, फिक्कं, फार तर निळसर. गवत सगळं कापायचं नाही, काही वाढू द्यायचं. भिंतीवर जुना गुलाब आपल्या मर्जीने चढला पाहिजे. कुंपण दिसता कामा नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाग अशी दिसली पाहिजे की ती कोणी लावलेलीच नाही, सगळं आपोआप आलंय. कंट्रोलरांनी झेंडूबद्दल विचारलं. लेडीबाई म्हणाल्या, झेंडू चौकात लावतात. लाल कर्दळीशेजारी पिवळा झेंडू तर फक्त स्टेशनवरच्या लोकांना सुचतो.

हे कंट्रोलरांना फार लागलं. नगरच्या स्टँडवर चौकशी खिडकीपुढे लाल कर्दळ आणि पिवळ्या झेंडूचा वाफा त्यांनी स्वतः उभं राहून लावून घेतला होता, आणि विभागीय साहेबांनी त्याचं कौतुकही केलं होतं. पण लेडीबाईंनी त्यांची मान आधीच ताब्यात घेतली होती. ती हलली.

एलिझाबेथबाई मात्र या शिकवणीला फारशा बसल्या नाहीत. त्या घराच्या मागे हिंडत. एका संध्याकाळी त्यांनी सांगितलं, की मागं एक उंच भिंत हाय, तिच्याआड लेडीबाईंचा भाजीचा मळाय, आन् त्यात डांगराचे वेलबी हायेत. कंट्रोलरांनी ऐकलं नाही. ते निळसर रंगाचा विचार करत होते.

जूनमध्ये केडगावला परत आल्यावर त्यांनी घोषणा केली, की यंदापासून पुढची-मागची दोन्ही जागा आपल्याकडे. बाईंनी एकच विचारलं, "आन् सुगीच्या सणाला पाटीत काय घालायचं?"

"तुझी पाटी मी भरीन. माझ्या बागेतून. नाही भरली तर पुढच्या वर्षी सगळी बाग तुझी आणि मी त्यात नळी धरायलासुद्धा येणार नाही."

बाई बरं म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात बाईंनी इतक्या पटकन बरं म्हटलं की जपून राहावं, हे कंट्रोलरांना कळायला हवं होतं. पण इंग्लंडमुळे त्यांचा सराव तुटला होता.

झेंडूची कोवळी रोपं उपटली गेली तेव्हा शेजारचे वाल्मिक ढाकणे गुरुजी कुंपणाशी येऊन उभे राहिले. गुरुजी मूळचे पाथर्डीकडचे, शाळेतून निवृत्त झालेले. शिकवायला मुलं उरली नव्हती म्हणून ते कॉलनीला शिकवत. त्यांनी शांतपणे विचारलं, की दसऱ्याला दाराला काय लावायचं? कंट्रोलर म्हणाले, तोरण बाजारातून आणा. गुरुजी म्हणाले, तोरण आणू हो, पण इतकी वर्षं तुमच्या झेंडूवर आमचा दसरा झाला, आता एकदम बाजारात उभं राहायचं म्हणजे ओळख नसल्यासारखं वाटेल.

मग पांढरी बाग आली. तगर, मोगरा, कुंदा, अनंत, पांढरी जास्वंद, पांढरा चाफा. नर्सरीवाल्याने टेम्पोतून रोपं उतरवताना आवाज खाली आणून विचारलं, "घरात कोणी वारलं का?" कंट्रोलरांनी त्याला लेडीबाईंचं सगळं तत्त्वज्ञान सांगितलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, वाईट झालं. पावसाने रोपं धरली, अंगण पांढरं दिसू लागलं, तशी चर्चमधली दोनचार माणसंही हात बांधून भेटायला आली. एलिझाबेथबाई सगळ्यांना चहा देत आणि सांगत, की कोणी गेलेलं न्हाई, ह्यांचं मनच तिकडं गेलंय.

त्यापेक्षा मोठी अडचण श्रावणात आली. गुरुजींच्या पत्नी पुष्पावतीबाई पहाटे उठून फुलं तोडत. आपल्याकडे देवाला वाहायचं फूल मागून घ्यायचं नसतं, ते तोडायचं असतं. त्याला चोरी म्हणणारा माणूस कॉलनीत राहू शकत नाही. पूर्वी त्या झेंडूची दोनचार फुलं नेत. आता महादेवाच्या महिन्यात शेजारी तगर आणि जास्वंद नुसती ओसंडून वाहत होती. उजाडेपर्यंत भिंगारदिव्यांची पांढरी बाग पूर्ण हिरवी झालेली असे. कंट्रोलर लोकांना आग्रहाने बाग दाखवायला बोलवत, आणि लोक पानं पाहून जात. शेवटी त्यांनी पुष्पावतीबाईंना, शक्य तितक्या हळू आवाजात, म्हणजे चार घरांना ऐकू जाईल अशा, विनंती केली की थोडी फुलं झाडावर राहू द्यावीत.

"राहू देते की," त्या म्हणाल्या. "पण भाऊजी, झाडावर राहून ती करणार काय?"

या प्रश्नाला लेडीबाईंकडेही उत्तर असेल की नाही याची कंट्रोलरांना पहिल्यांदाच शंका आली. ती त्यांनी दाबली.

मागच्या अंगणात गवत वाढू दिलं होतं. इंग्लंडात गवत वाढू दिलं तर त्यात नाजूक रानफुलं येतात. केडगावात गाजरगवत येतं, गोखरू येतो आणि कुसळं येतात. कंट्रोलर रोज संध्याकाळी पाठीमागे हात बांधून त्यातून फेरी मारत, आणि नंतर रात्रीपर्यंत पायजम्यातली कुसळं वेचत बसत. आत कोणी पाऊल टाकायचं नाही, गवत तुडवलं जातं, अशी त्यांनी घरात सक्त ताकीद दिली. बाईंनी ही ताकीदही फार पटकन मान्य केली.

आता राहिलं कुंपण. लेडीबाईंच्या घराच्या खिडकीतून पाहिलं की हिरवळ थेट लांबच्या कुरणापर्यंत जाई, आणि त्यात मेंढरं चरताना दिसत. मध्ये कुंपण नाही, तरी मेंढरं बागेत येत नसत. कंट्रोलरांनी जवळ जाऊन पाहिलं तेव्हा कळलं, की मध्ये एक खंदक आहे. बागेच्या बाजूने सरळ भिंत, पलीकडे उतार. घरातून तो दिसतच नाही. तिकडे या खंदकाला 'हा-हा' असं हसण्याच्या आवाजाचंच नाव आहे, पण ते नाव कंट्रोलरांनी कॉलनीत कोणाला सांगितलं नाही. लोक तसेही हसत होते.

त्यांच्या परसामागे मोकळा प्लॉट होता. तिथे आक्काबाईच्या शेळ्या चरत. म्हणजे मेंढरांचीही सोय होती. तारेचं कुंपण काढलं, जेसीबी आला आणि दुपारपर्यंत या टोकापासून त्या टोकापर्यंत छाताडाएवढा खोल खंदक तयार झाला. जेसीबीचा आवाज ऐकून सगळी कॉलनी जमली. कोणी म्हणालं पाइपलाइन, कोणी म्हणालं शेततळं, अनुदान मिळत असेल. एका गृहस्थांनी खोदलेल्या मातीत काठी घालून हंडा लागला का पाहिलं. गुरुजींनी खंदक या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला आणि सांगितलं, की नगरच्या किल्ल्याला असाच आहे, पण तिथं आत किल्ला आहे.

कंट्रोलर खुर्ची टाकून मागच्या दारात बसले. कुंपण नाही, नजर थेट प्लॉटपर्यंत. शेळ्या चरताहेत. अगदी तसंच चित्र. तेवढ्यात त्या चित्रातली एक शेळी पुढे आली, खंदकाच्या काठावर थांबली, खाली पाहिलं आणि जिना उतरावा तशी उतरली. बागेच्या बाजूची भिंत सरळ होती खरी, पण मुरमाची होती. शेळीने दोन ठिकाणी खूर टेकवले आणि ती बागेत होती. तिच्यामागे बाकीच्या आल्या. इंग्लंडची मेंढी खंदक पाहून विचार करते. आपली शेळी असला विचार करायला थांबत नाही. अनंताचा शेंडा आणि भिंतीवर जेमतेम चढू लागलेला गुलाब त्यांनी बसल्या बैठकीला संपवला.

आक्काबाई ओरडत आली, पण शेळ्यांवर नाही. "कंट्रोलर, तार काढलीच कशाला? शेळीला तार कळती. ह्यो खड्डा कशाचाय हे तिला कसं कळावं? मलाबी न्हाई कळलं."

कोणीतरी वरती कळवलं असावं. ऑगस्टमध्ये वॉर्डाचे साहेब आले. त्यांनी खंदकाभोवती फेरी मारली, तळाला साचलेलं पाणी पाहिलं आणि विचारलं, हे काय आहे? कंट्रोलर म्हणाले, हे नजरेसाठी आहे. साहेब म्हणाले, डोळ्यांचा दवाखाना काढताय का? मग त्यांनी खोदाईचे सगळे प्रकार एकामागून एक विचारले. विहीर आहे का, पाया आहे का, सेप्टिक टँक आहे का, नळजोडणी आहे का. कंट्रोलर प्रत्येकाला नाही म्हणत गेले, आणि प्रत्येक नाहीबरोबर त्यांचा आवाज थोडा थोडा लहान होत गेला. शेवटी साहेबांनी 'खड्डा' असं लिहून घेतलं. ज्या वस्तूसाठी लेडीबाईंच्या घराण्याने दोनशे वर्षं मान मिळवला तिची नोंद केडगावात अशी झाली. साहेब जाता जाता म्हणाले, डासांचे दिवस आहेत, पाणी साचू देऊ नका, एक तर बुजवा नाहीतर आत काहीतरी लावा.

बुजवणं म्हणजे हार. आणि लावायचं म्हणजे काय लावायचं? खंदकात लावण्याजोगं खानदानी झाड कोणतं, हे विचारायला अँजेलाला रोज फोन होऊ लागले. तिकडून नेचे, म्हणजे फर्न, सुचवले गेले. नेचे केडगावच्या उन्हात दुपारपर्यंत पापडासारखे झाले. कंट्रोलर खिन्न होऊन पुढच्या अंगणातच बसू लागले, गवतातली संध्याकाळची फेरीही बंद झाली. मागच्या दारात खुर्ची टाकली की त्यांना खड्डा हा शब्द आठवे.

पण गणपतीच्या सुमारास एक चमत्कार झाला. शेळ्या यायच्या बंद झाल्या. प्लॉटमध्ये चरत, खंदकाच्या काठापर्यंत येत, खाली बघत आणि मागे फिरत. अगदी लेडीबाईंच्या मेंढरांसारख्या. कंट्रोलरांचा आवाज पुन्हा पूर्ववत झाला. त्यांनी गुरुजींना बोलावून लांबून दाखवलं आणि सांगितलं, की इंग्रजांची कोणतीही गोष्ट रुळायला वेळ लागतो, रेल्वेलाही लागला होता. गुरुजींना गवतापलीकडे जाऊन पाहायचं होतं. ताकीद म्हणजे ताकीद, म्हणून त्यांनाही सोडलं नाही.

असा सुगीचा सण आला. आदल्या दिवशीपर्यंत कंट्रोलरांचा भरवसा फुलांवर होता. लिलावात फुलंही चालतात, पांढऱ्या फुलांची भरगच्च पाटी कोणी आजवर नेली नसेल. त्यांनी पुष्पावतीबाईंना तसं सांगायचं ठरवलं होतं, पण सांगायचं राहिलं. सणाच्या दिवशी सकाळी ते कात्री घेऊन बाहेर पडले तेव्हा बाग नेहमीसारखीच हिरवी होती. शेजारून घंटेचा आवाज येत होता.

ओट्यावर बाईंची पाटी धुऊन, पुसून, पांढरा रुमाल अंथरून ठेवलेली होती. रिकामी. ती पाहून कंट्रोलर दारातच थांबले. बाग गेली तर गेली. पण सगळ्या मंडळीसमोर, ज्या बाईचं डांगर शेवटी पुकारतात, ती आज रिकाम्या हाताने बसेल, आणि ती का बसली हे प्रत्येकाला माहीत असेल. एवढ्या वर्षांत त्यांनी बायकोला फारसं काही दिलं नव्हतं. पण तिचं होतं ते काढूनही घेतलं नव्हतं. त्यांनी इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

निदान गवताची एक डौलदार पेंढी बांधावी, त्यात दोन तुरे खोवावेत, अशा काहीतरी विचाराने ते मागच्या अंगणात शिरले. उंचातलं उंच गवत खंदकाच्या काठाला होतं. त्यांनी हात लांब केला, मुरूम घसरला आणि कंट्रोलर सदऱ्यासकट आपल्या खंदकात उतरले.

पहिल्यांदा त्यांना काटे कळले. खंदकाच्या पलीकडच्या उतारावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोराटी दाबून बसवलेली होती. बोरीच्या काटेरी फांद्या, नगरकडची माणसं बांधाला लावतात तशा. मग त्यांना पानं कळली. ताटाएवढी, खरखरीत. खंदकाचा सगळा तळ वेलाने भरला होता. उपटून टाकलेला अळूसुद्धा एका कडेला पुन्हा उभा राहिला होता. आणि मग कंट्रोलरांना ते ज्यावर बसले होते ते कळलं. ते एक डांगर होतं. त्याच्या पलीकडे दुसरं होतं, पाटीत मावेल की नाही असं.

वरून एलिझाबेथबाई बघत होत्या. नवं लुगडं नेसून तयार.

"लागलं का?"

कंट्रोलरांनी विचारलं, हे कधी. बाई म्हणाल्या, साहेब म्हणले न्हाईत का, काहीतरी लावा? तुमी फोनवर हुतात. तळाला शेळ्यांच्या लेंड्या हुत्या, पाणी हुतं, एवढी चांगली जागा मोकळी का ठिवायची. बोराटी आक्काबाईनं आणून दिली, शेळ्या तिच्याच म्हणून.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुमीच म्हणला ना, बागंत कोणी पाऊल टाकायचं न्हाई. मी पलीकडच्या प्लॉटातून उतरत हुते." मग त्या थोडं वाकल्या. "बसू नका त्याच्यावर. देवाचंय ते."

त्या वर्षी डांगर शेवटीच पुकारलं गेलं. पाळकसाहेबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, हे कोणाच्या परसातलं? मागच्या बाकावर अंगातले काटे वेचत बसलेल्या कंट्रोलरांनी मान खाली घातली. बाई उठून स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "ह्यांच्या इंग्लिश बागेतलं हाय. पाटी ह्यांनी भरली." मंडळीने टाळ्या वाजवल्या. मग बोली सुरू झाली आणि चढत गेली, कारण मागे दाराशी ढाकणे गुरुजी पुष्पावतीबाईंना घेऊन उभे होते आणि हात खालीच घेत नव्हते. सबंध श्रावणाच्या फुलांचा हिशेब पुष्पावतीबाई देवापुढे तिथे पुरा करत होत्या. डांगर वाजतगाजत शेजारीच परत आलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे घारगे डबा भरून भिंगारदिव्यांकडे.

घारगे खाता खाता कंट्रोलर म्हणाले, की शब्दाप्रमाणे तसा मीच जिंकलो. बाई म्हणाल्या, व्हय. त्या इतक्या पटकन व्हय म्हणाल्या, की या वेळी कंट्रोलर जपून राहिले. खंदक आणि त्यामागचं सगळं बाईंचं, पुढचं अंगण अर्धं-अर्धं, असं त्यांनी आपणहून जाहीर केलं. झेंडू परत आला. पांढऱ्या झेंडूची रोपं कुठे मिळतात का, ही चौकशी ते अजून अधूनमधून करतात. पण ती हळू आवाजात, दोन घरांपुरती.

सणानंतरच्या रविवारी अँजेलाचा व्हिडिओ फोन आला. शेजारी लेडीबाई तोच फाटका स्वेटर घालून बसल्या होत्या. त्यांना बाग पाहायची होती. कंट्रोलरांनी मोबाईल धरून आधी पांढरी झाडं दाखवली. लेडीबाई नम्रपणे हं म्हणाल्या. मग गवतातून वाट काढत ते मागे गेले. पलीकडे शेळ्या चरत होत्या, आक्काबाई दगडावर बसली होती, मध्ये कुंपणाचा पत्ता नव्हता. खंदकातून डांगराचे शेंडे आता काठावर येऊन पिवळी फुलं धरून उभे होते. भडक पिवळी. कंट्रोलरांनी घाईने मोबाईल फिरवला, पण तिकडून लेडीबाईंनी थांबा म्हणून हात केला. त्या पडद्याजवळ वाकल्या, मग अँजेलाशी काहीतरी बोलल्या.

"पप्पा, त्या म्हणतात, अशी बाग त्यांनी लहानपणी आजोळी पाहिली होती. कोणी लावलीय असं वाटतच नाही. माळी कोण आहे म्हणून विचारतात."

कंट्रोलरांनी छाती भरून श्वास घेतला आणि मागे वळून पाहिलं. एलिझाबेथबाई दाराशी बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"नाव कशाला सांगता," त्या म्हणाल्या. "आपोआप आलंय म्हणावं."